रानातली पहिली भाजी: नवख्यांसाठी रानवनस्पती ओळखण्याची, खुडण्याची आणि जपून वापरण्याची वाट

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कर्जत, मुरबाड, शहापूर, जव्हारच्या बाजारात जमिनीवर फडकं अंथरून बसलेल्या बायांपुढे हिरवे ढीग दिसू लागतात. टाकळ्याच्या जुड्या, शेवळांचे बिंडे, थोड्या दिवसांनी कुर्डू, भारंगी, करटोली. याच दिवसांत फोनवर दुसराच बाजार भरलेला असतो: ही वेल रोज सकाळी उकळून घ्या, साखर जाईल; ही मुळी चघळा, गुडघे मोकळे होतील. रानवनस्पतींची गोडी लागलेला शहरातला माणूस या दोन्हींकडे एकदमच ओढला जातो. तुम्ही तसे असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. रानातली वनस्पती आधी भाजी म्हणून शिकावी, औषध म्हणून नंतर, आणि तेही मोजक्याच वनस्पतींच्या बाबतीत. कारण साधं आहे. टाकळ्याची भाजी हजारो घरांत दर पावसाळ्यात शिजते. कोवळी किती घ्यायची, कशी शिजवायची, कुणाला सोसत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठरलेलं आहे. फोनवर पाहिलेल्या काढ्याच्या मागे असा कुणाचा अनुभव उभा आहे, ते तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

पायरी १: खुडायला जाऊ नका, विकत घ्या

पहिला अख्खा पावसाळा फक्त बाजारातून भाजी घ्या. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजातल्या बाया पहाटे डोंगरातून भाजी खुडून आणतात आणि मिळेल त्या गाडीने बाजार गाठतात. त्यांच्याइतकं या वनस्पतींचं ज्ञान तुम्हाला कुठल्याही वर्गात मिळणार नाही. त्यांना तीन गोष्टी विचारा: कोवळी कशी ओळखायची, कुठला भाग टाकायचा, आणि शिजवताना आंबट घालायचं का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्याचं कारण पुढे येईल.

"मावशी, ही कशी करायची?" एवढं विचारलं तरी त्या भरभरून सांगतात. "शिरा काढ ताई, देठ नको घेऊ, पाण्यात एक उकळी दे नि पिळून टाक," असं भारंगीबद्दल ऐकलंत की लगेच वहीत लिहून घ्या. घरी आल्यावर एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा, खाली नाव आणि तारीख लिहा. आणि भावात घासाघीस करू नका. पहाटेपासूनची पायपीट त्या वाट्यात आहे, आणि तुम्ही भाजीसोबत शिकवणीही घेऊन चालला आहात.

ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभागातर्फे अनेक तालुक्यांत रानभाजी महोत्सव भरतात. एकाच मांडवात बऱ्याच भाज्या नावांसकट आणि शिजवलेल्या बघायला मिळतात. नवख्यासाठी तो दिवस चुकवण्यासारखा नाही.

पायरी २: पाचच निवडा

सुरुवातीला यादी वाढवण्याचा मोह आवरा. मी सुचवेन त्या पाच: टाकळा, घोळ, कुर्डू, भारंगी, करटोली. टाकळा जूनमध्ये सर्वात आधी उगवतो आणि कोवळा असेपर्यंतच खाण्याजोगा असतो. करटोली जुलै-ऑगस्टची. घोळ ओलाव्याच्या जागी जवळजवळ वर्षभर सापडते. या पाचही सबंध वाढीच्या चक्रात बघा: अंकुर, पानं, फूल, शेंग किंवा फळ, आणि शेवटी वाळलेलं झाड. जो माणूस फक्त जूनमधला टाकळा ओळखतो तो टाकळा ओळखतो असं मी म्हणणार नाही.

अळंबी या यादीत नाहीत, आणि नवख्याच्या कुठल्याच यादीत नसाव्यात. गोव्यात आणि कोकणात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांना मोठा मान आहे. पण विषारी अळंब्यांचं विष शिजवून जात नाही, लक्षणं दिसेपर्यंत यकृत गेलेलं असू शकतं, आणि चांदीचा चमचा काळा पडतो का ही परीक्षा साफ खोटी आहे. खायच्याच असतील तर त्या गावातल्या, वर्षानुवर्षं तेच वारूळ ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या.

पायरी ३: ओळख पक्की करा

इथे थोडं थांबू, कारण सगळं यावर उभं आहे.

टाकळा घ्या. विदर्भात याला तरोटा म्हणतात, शास्त्रीय नाव सेन्ना टोरा. पानाच्या एका दांडीवर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या उपपानांच्या, तीन जोड्या, म्हणजे सहा पर्णिका. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर. संध्याकाळी त्या मिटतात. आता भिंग घ्या, किंवा पान डोळ्यांजवळ धरा: खालच्या जोड्यांच्या मधोमध, दांडीवर, बारीक काडीसारखी ग्रंथी उभी दिसते. ही टाकळ्याची खूण.

त्याच रस्त्याच्या कडेला, तशाच पिवळ्या फुलांचा कासविंदा उगवतो, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या चार ते सहा, टोकं अणकुचीदार, आणि ग्रंथी जोड्यांमध्ये नसून देठाच्या अगदी बुडाशी असते. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दर हिवाळ्याच्या तोंडाशी यकृत, मेंदू आणि स्नायूंच्या गूढ आजाराने दगावत होती. बरीच वर्षं तो विषाणूचा ताप समजला गेला. शेवटी डॉक्टरांनी शोध लावला की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. टाकळा आणि कासविंदा, दोन सख्खे नातलग, आणि फरक बघायचा तर पर्णिकांच्या जोड्या मोजायच्या आणि ग्रंथी शोधायची. याला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद प्रत्येक वेळी द्यायचे.

घोळीचं उदाहरण वेगळं आहे. जमिनीलगत पसरणारी, लालसर मांसल दांडी, जाडसर चमच्यासारखी पानं, चवीला आंबूस. तिच्याच शेजारी, तशीच जमिनीला चिकटून नायटी वाढते. नायटीची दांडी बारीक, आणि मोडली की पांढरा चीक येतो. घोळीतून नुसतं पाणी येतं. म्हणून घोळ खुडताना प्रत्येक जुडीतली दांडी मोडून बघा.

पण यावरून "चीक म्हणजे विष" असा नियम करू नका. पाथरीलाही पांढरा चीक असतो आणि ती देशावर आवडीने खाल्ली जाते. गुरं खातात ते माणसाला चालतं, कडू ते औषधी, लाल फळ विषारी, असे सरसकट नियम कुठल्या तरी वनस्पतीपाशी येऊन फसतातच. प्रत्येक वनस्पतीची खूण स्वतंत्रपणे शिकावी लागते.

खायच्या पाच शिकताना विषारी पाचही शिका. कळलावी: पावसाळ्यात ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल, आणि पानाचं टोक वेलीच्या ताण्यासारखं गुंडाळलेलं. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसं मेली आहेत. गुंजेचं लाल-काळं बी. धोत्रा, विशेषतः त्याचं कोवळं पान, जे दुसऱ्या पालेभाजीत सहज मिसळून जातं. मोगली एरंड, ज्याच्या बिया खाऊन शाळेतली मुलं दवाखान्यात दाखल झाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. आणि कण्हेर. या पाचांची पानं, फुलं, फळं डोळे मिटून आठवली पाहिजेत.

फोनवरची ओळख पटवणारी ॲप्स नाव सुचवायला ठीक आहेत. कोवळ्या, फूल न आलेल्या रोपाच्या बाबतीत ती सर्रास चुकतात, आणि आपण भाजी खुडतो ती नेमकी त्याच अवस्थेत. ॲपच्या भरवशावर काहीही तोंडात घालू नका. शंका असेल तर फूल-फळासकट फांदी घेऊन जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना भेटा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. सह्याद्रीतल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने तिथे जपलेले आहेत.

पायरी ४: जागा आणि परवानगी

रस्त्याची कड, रेल्वेरुळांच्या बाजूची पट्टी, कारखान्याच्या सांडपाण्याचा नाला, कचऱ्याचा उकिरडा: इथली भाजी कितीही तजेलदार दिसली तरी सोडून द्या. पालेभाजी मातीतलं शिसं आणि कॅडमियम उचलते आणि ते धुऊन जात नाही. शेताच्या बांधावर खुडण्याआधी शेतकऱ्याला विचारा. परवानगीसाठी तर विचारायचंच, पण तणनाशक कधी मारलं हेही विचारायचं. आता बांधावरही सर्रास फवारणी होते आणि औषध मारल्यावर दोन-चार दिवस तण हिरवंच दिसतं.

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात पानही तोडायचं नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर, कर्नाळा, फणसाड, भीमाशंकर ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. बाकीच्या जंगलातही २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या भाजी, फळं, डिंक अशा गोष्टींवरचा हक्क तिथल्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांना दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर राज्यातल्या अनेक गावांना मिळाला. अशा गावच्या जंगलात जायचं तर ग्रामसभेची परवानगी घ्या. तुमच्यासाठी हा रविवारचा छंद असेल, पण त्या घरांची चार महिन्यांची मीठ-मिरची या भाजीवर चालते.

पायरी ५: बाहेर पडताना

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी, जाड हातमोजे, टोपी. पावसाळ्यात फुरसं, घोणस, मण्यार, नाग सगळेच बाहेर असतात, आणि भाजी खुडणारा हात नेमका गवतात जातो. आधी काठीने गवत हलवा, मग हात घाला. साप चावला तर कुठलीही मुळी, पाला, लेप लावत बसू नका. चावा बसलेला हात किंवा पाय शक्य तितका न हलवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जा. विंचवाच्या बाबतीतही तसंच. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावत असत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ते मृत्यू कमालीचे खाली आणले. मी रानवनस्पतींवर जीव लावणारी बाई आहे आणि म्हणूनच हे ठामपणे सांगते: दंशावर रानात उपाय शोधू नका.

पायरी ६: खुडणं

फक्त शेंडा आणि कोवळी पानं. मुळं उपटायची नाहीत, साल काढायची नाही, कंद खणायचा नाही. एका जागी दिसलेल्या रोपांपैकी जास्तीत जास्त एक तृतीयांश रोपांना हात लावा, बाकी तशीच राहू द्या. नखाने दांडी सहज तुटली तर कोवळी. ओढावी लागली तर ती जून झाली, सोडून द्या. करटोलीच्या वेलीत नर आणि मादी वेगळे असतात आणि वेल दर वर्षी जमिनीतल्या कंदातूनच फुटते. फळं घ्या, कंदाला धक्का लावू नका. फोडशीची पानं ही सुंदर भाजी आहे, पण तिच्याच जातकुळीतल्या मुसळीच्या मुळांना टॉनिक म्हणून भाव आला आणि अनेक डोंगरांवर ती खणून संपवली गेली.

बाजाराची भूक रानाचं काय करते हे नरक्यावरून दिसतं. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्टोथेसिन हे द्रव्य असतं, ज्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. हे द्रव्य मुळात एका चिनी झाडातून १९६६ मध्ये वेगळं केलं गेलं, आणि ते करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे. पुढे नरक्यात ते भरपूर सापडलं आणि कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून झाडं तोडून, पोत्यांत भरून बाहेर गेली. आज नरक्या संकटग्रस्त वनस्पतींमध्ये गणला जातो.

औषधी म्हणून काही हवंच असेल तर लावा. गुळवेलीची बोटभर जाडीची कांडी कुंपणाला टोचली तरी फुटते, अडुळसा फांदीवरून सहज लागतो, गवती चहाला एक कुंडी पुरते. स्वतः लावलेल्या वनस्पतीच्या ओळखीचा घोळही होत नाही.

पायरी ७: स्वयंपाकघरात

तीन-चार पाण्यांतून धुवा. पावसाळ्यात मातीत उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून रानातली पालेभाजी कच्ची खाऊ नये, कोशिंबिरीतसुद्धा.

टाकळ्याची सर्वात साधी कृती: पानं खुडून बारीक चिरा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, निथळून पिळून घ्या. तेलात लसूण आणि हिरवी मिरची, भरपूर कांदा, त्यावर टाकळा, भिजवलेली मूगडाळ, मीठ. झाकण ठेवून वाफ काढा आणि शेवटी ओलं खोबरं. पहिल्या घासाला किंचित उग्र लागतो, तांदळाच्या भाकरीबरोबर दुसऱ्या घासापासून जमतो.

आता आंबटाचं. अळू, शेवळ, लोत या एकाच कुळातल्या भाज्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात टोचतात आणि खाज सुटते, क्वचित घसा सुजतो. म्हणून अळवात चिंच जाते आणि शेवळात काकडं. काकड हे त्याच दिवसांत येणारं आंबट-तुरट फळ, आणि शेवळ विकणारी बाई सोबत मूठभर काकडं देतेच. शेवळाची वरची आवरणं काढायची, आतला पिवळा भाग टाकायचा, बाकीचं चिरून चांगलं परतून काकडांच्या रसात शिजवायचं. नवख्याने पहिल्या वर्षी शेवळ दुसऱ्याच्या घरी, जाणत्या हातचंच खावं.

कुठलीही नवी भाजी पहिल्यांदा खाताना एका जेवणात एकच नवी, दोन-तीन चमचे, तीही दुपारी. रात्र मध्ये जाऊ द्या, मग पोटभर खा. लहान मुलं, गरोदर बाई आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यावर प्रयोग करायचे नाहीत. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ, आंबुशी, अळू बेताने खावं, ऑक्झलेट जास्त असतं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के तिचा परिणाम कमी करतं. भाजी बंद करायची गरज नसते, पण एकदम वाढवायचीही नाही आणि डॉक्टरांना सांगायचं.

पायरी ८: औषध म्हणून वापरायचं तर

घरगुती वापराला मी हरकत घेत नाही, फक्त त्याच्या मर्यादा सांगते. सर्दीला गवती चहा-आल्याचा काढा, पोट फुगलं तर ओवा, बद्धकोष्ठाला इसबगोल. अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध तयार झालं, म्हणजे आजीच्या अडुळशाच्या रसात तथ्य होतं. पण तेच द्रव्य गर्भाशयाचं आकुंचनही घडवतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा नको. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकीची तपासणी करा. तो क्षयही असू शकतो.

गुळवेलीकडे जास्त लक्ष द्या, कारण कोविडच्या काळात ती घरोघरी गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. हा वाद तुम्ही-आम्ही सोडवणार नाही, पण दोन्ही बाजू ऐकून करायचं ते स्पष्ट आहे. खरी गुळवेल: पानं हृदयाच्या आकाराची आणि गुळगुळीत, कांडीवर पातळ कागदी साल आणि बारीक पुटकुळ्या, वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबलेली, आडवा छेद चाकाच्या आऱ्यांसारखा. कांडीवर मोठमोठ्या गाठी असतील किंवा पानाच्या पाठीवर दाट लव असेल तर ती वेगळी जात. आणि खरी असली तरी संधिवात, सोरायसिस, थायरॉइडसारखा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच उलटून घडवलेला आजार असेल, यकृताचा त्रास असेल, तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारल्याशिवाय घेऊ नका. महिनोन्‌महिने रोज तर नाहीच.

ईश्वरी किंवा सापसंद या वेलीला हातच लावू नका. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी चुकून याच कुळातली दुसरी मुळी गेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

दुधीचा रस पिणाऱ्यांना एकच सांगणं. आधी तुकडा चाखा. जरा जरी कडू लागला तर फेकून द्या. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिनने जठरातून रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला त्यावर तज्ज्ञ समिती नेमावी लागली होती.

पायरी ९: डबीतलं 'नैसर्गिक'

बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर तसं लिहिलेलं असतं आणि राज्य परवाना क्रमांक असतो. पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असतो, आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची सूचना असावीच लागते. म्हणजे अशी डबी मधुमेह बरा करते असं कुणी सांगत असेल तर तो डबीवरच्या सूचनेच्या उलट बोलतो आहे. शिवाय मधुमेह बरा करण्याची जाहिरात औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने मनाईची आहे.

लेबल नसलेली पुडी घ्यायचीच नाही. गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि साखरेच्या पुड्यांत ॲलोपथीचीच गोळी कुटून घातलेली तपासण्यांत सापडली आहे. धातूंचा प्रश्नही खरा आहे. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. नामांकित कंपनी असली तरी तपासणीचा अहवाल मागा.

अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते आणि झोपेच्या गोळ्यांचा परिणाम वाढवते. गरोदरपणी वर्ज्य. हळद स्वयंपाकात आहे तशी उत्तम. पण काळ्या मिरीच्या अर्कासोबत दिलेल्या कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, कॅप्सूलने यकृताला इजा झालेले रुग्ण इटली आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत, कारण मिरी ते द्रव्य शरीरात कित्येक पटींनी जास्त शोषायला लावते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सगळ्या वनस्पतीजन्य गोळ्या किमान दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी द्या.

शाकाहारी माणसाला बी-१२ कुठल्याही रानभाजीतून मिळणार नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं बी-१२ बहुतांशी शरीराला वापरता न येणारं असतं. रक्ततपासणी करून गोळी घ्या, ती स्वस्त आहे. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात. हिमोग्लोबिन थोडं कमी असेल तर पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा, लोह जास्त लागू पडेल. सातच्या आसपास असेल तर मात्र भाजीवर विसंबू नका, लगेच उपचार सुरू करा.

पायरी १०: बिघडलं तर

तोंडाला मुंग्या, ओठ-जीभ सुजणं, सतत उलट्या, बुबुळं मोठी होणं, बरळणं, छातीत धडधड: यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. मीठपाणी पाजून उलटी करवू नका, ताक-तूप पाजू नका. डोळे पिवळे किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर चालू असलेला काढा, गोळी, चूर्ण त्याच क्षणी थांबवा आणि यकृताची तपासणी करा, मग कितीही आठवडे ते "सोसत" असलं तरी.

रुग्णालयात जाताना उरलेली भाजी, न शिजवलेली फांदी किंवा ती डबी सोबत न्या. म्हणूनच नवी भाजी शिजवताना एक कच्ची फांदी दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची सवय लावा. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, आणखी कुणी खाल्लं हे कागदावर लिहून द्या. डॉक्टरांना वनस्पती ओळखता आली नाही तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून चोवीस तास सल्ला घेता येतो, हे त्यांना आठवण करून द्या. आणि काय खाल्लं ते सांगायला लाजू नका. रानातली वनस्पती खाल्ली हे लपवल्यामुळे डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतात आणि सुरुवातीचे मोलाचे तास हातचे जातात.